शिक्षा पुरी झालीच पाहिजे
(गणेशोत्सवात झाशी येथे दिलेले व्याख्यान)



बाप्पाच्या मांडवात तुरुंगाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या लोकमान्यांनी १८९३ सालापासून या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते स्वतः तीन वेळा तुरुंगात जाऊन आले होते. सार्वजनिक प्रश्न या मांडवात बोलले जावेत, हाच तर उत्सवाचा एक हेतू होता. तेव्हा आज मी एक सरळ मागणी आपल्यापुढे मांडणार आहे. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलेल्या राजकीय पुढाऱ्याला सरकारने शिक्षेत खास सूट देऊन मुदतीआधी सोडू नये. मी वकील नाही. माझी नोकरी रेल्वेच्या लेखा खात्यात झाली. त्यामुळे माझे बोलणे कायदेपंडिताचे नसून जमाखर्च तपासणाऱ्याचे आहे, असे समजावे.

आपल्यापैकी बहुतेकांनी पंजाब मेलने मुंबईचा प्रवास केलेला आहे. भुसावळनंतर जळगाव येते. या जळगावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोरगरिबांसाठी ११ हजारांवर घरे बांधायची योजना निघाली. नगरपालिकेने त्यासाठी कर्ज काढले. ठेकेदाराला पैसे गेले, पण ठरलेल्या घरांपैकी थोडीच उभी राहिली. २००६ साली त्यावेळच्या महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यात माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षे कैद झाली. अपहाराचा आकडा सुमारे २९ कोटींचा होता. दोषींनी अपील केले आणि २०२२ साली जैन यांना उच्च न्यायालयाने नियमित जामीन दिला. अपील करणे हा त्यांचा हक्क आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की फिर्यादीपासून शिक्षेपर्यंत १३ वर्षे गेली. ज्या कुटुंबाने घराच्या आशेवर झोपडीत दिवस काढले, त्यांची मुले एवढ्या काळात मोठी झाली. अशा खटल्यात शिक्षा होणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. ती झाल्यावर सरकारनेच अर्धी करून टाकली तर काय उरले?

येथे शब्दांचा थोडा खुलासा करतो, कारण वर्तमानपत्रात 'सुटला' या एकाच शब्दात सगळे येते. जामीन न्यायालय देते, आणि अपील चालू असताना देते. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, आणि संचित रजा म्हणजे फर्लो. या दोन्हींत कैद्याला परत जावे लागते. तुरुंगात काम करून, शिस्तीने राहून महिन्याला काही दिवसांची सूट मिळते, ती सर्व कैद्यांना नियमाने मिळते. माझा रोख यांपैकी कशावरही नाही. माझा रोख आहे तो सरकार आपल्या अधिकारात जी खास माफी देते तिच्यावर. राष्ट्रपतींना घटनेच्या कलम ७२ ने आणि राज्यपालांना कलम १६१ ने हा अधिकार आहे. शिवाय पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ ने आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ ने तो राज्य सरकारलाही आहे. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. म्हणजे व्यवहारात ही माफी मंत्री देतात. आणि ज्याला द्यायची तो कालपर्यंत मंत्रीच होता, ही खरी अडचण आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण केरळचे आहे. आर. बालकृष्ण पिल्लै हे तिथले जुने वजनदार नेते. ते वीजमंत्री असताना १९८२ साली इडमलयार जलविद्युत प्रकल्पाच्या कामांचे ठेके अवाच्या सवा दराने दिले गेले. विशेष न्यायालयाने १९९९ मध्ये त्यांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००३ मध्ये निर्दोष सोडले. सरकार अपिलात गेले नाही. विरोधी पक्षनेते व्ही. एस. अच्युतानंदन यांनी स्वतः पाठपुरावा करून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १० फेब्रुवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिल्लै यांना एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. त्याच वर्षी केरळात निवडणूक झाली आणि १४० पैकी ७२ जागांच्या काठावरच्या बहुमतावर नवे सरकार आले. पिल्लै यांचा पक्ष त्या आघाडीत होता आणि त्यांचे चिरंजीव मंत्रिमंडळात होते. १ नोव्हेंबर २०११, म्हणजे केरळचा स्थापना दिन. त्यानिमित्त कैद्यांना सूट जाहीर झाली आणि पिल्लै सुटले. मधल्या काळात पॅरोल झाला, खासगी रुग्णालयातला मुक्काम झाला. प्रत्यक्ष तुरुंगातले दिवस भरले ६९. जमाखर्चाच्या भाषेत मांडायचे तर गुन्ह्यापासून अंतिम निकालापर्यंत २९ वर्षे, आणि तुरुंगात ६९ दिवस.

गोष्ट इथे संपत नाही. सरकार बदलले, दुसरी आघाडी आली. तिने २०१७ साली याच पिल्लै यांना एका राज्य महामंडळाचे अध्यक्षपद कॅबिनेट दर्जासह दिले. म्हणून मी आज कोणत्याही एका पक्षावर बोलत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही रीत सगळीकडे सारखीच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या उत्तरेचे. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला. १९९९-२००० मध्ये तिथे ३,२०६ प्राथमिक शिक्षकांची भरती झाली. खऱ्या निवड याद्या बाजूला सारून बनावट याद्या लावल्या, हे सिद्ध झाले. २२ जानेवारी २०१३ रोजी चौटाला आणि त्यांचे पुत्र अजय यांना १० वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयात ती २०१५ मध्ये कायम राहिली. २०१४ साली चौटाला प्रकृतीच्या कारणावरून जामिनावर बाहेर होते. त्या सप्टेंबरात ते जींदच्या निवडणूक सभेत व्यासपीठावर दिसले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात हजर व्हायला सांगितले. आजारी माणूस सभा कशी घेतो, हा प्रश्न कोणालाही पडेल.

२०१८ मध्ये महात्मा गांधींच्या १५० व्या जयंतीनिमित्त केंद्राने कैद्यांसाठी खास सुटीची योजना आणली. साठीच्या पुढच्या, निम्मी शिक्षा भोगलेल्या पुरुष कैद्यांना तिचा लाभ होता. पण त्या योजनेत स्पष्ट लिहिले होते की बलात्कार, हुंडाबळी, मानवी तस्करी, अमली पदार्थ, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा यांखालील कैद्यांना ती लागू नाही. हे फार चांगले झाले होते. चौटालांनी तरीही सुटकेची मागणी केली. दिल्ली सरकारने ती मानली नाही. मग करोना आला. तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी दिल्ली सरकारने जून २०२१ मध्ये १० वर्षे शिक्षेपैकी साडेनऊ वर्षे झालेल्यांना उरलेल्या सहा महिन्यांची माफी दिली, आणि २ जुलै २०२१ रोजी चौटाला कागदोपत्री मोकळे झाले. कागदोपत्री अशासाठी म्हणतो की तेव्हा ते पॅरोलवर बाहेरच होते. पंचांग काढून पाहा. जानेवारी २०१३ ते जुलै २०२१ म्हणजे साडेआठ वर्षेही पुरी होत नाहीत. मिळवलेल्या सुटीची भर घालून ती साडेनऊ झाली. सहा महिन्यांची माफी फार मोठी नव्हे, हे मी मान्य करतो. पण एक दार नीट विचार करून बंद केले होते, तोच पाहुणा दुसऱ्या दाराने बाहेर गेला, हे विसरून चालणार नाही. ज्या उमेदवारांची नावे खऱ्या यादीत होती त्यांना गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत.

आता या माफीचा एक परिणाम सांगतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ म्हणते की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तुरुंगवासाची शिक्षा झालेला माणूस दोषी ठरल्याच्या दिवसापासून निवडणुकीला अपात्र होतो, आणि सुटकेनंतर पुढे सहा वर्षे अपात्र राहतो. 'सुटकेनंतर' या शब्दावर माझ्यासारख्या हिशेबनीसाची नजर अडते. समजा, एखाद्याला जानेवारी २०२० मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. पुरी भोगली तर जानेवारी २०२५ ला सुटका आणि जानेवारी २०३१ पर्यंत निवडणूक बंद. पण सरकारने दोन वर्षे माफ करून जानेवारी २०२३ ला सोडले, तर बंदी जानेवारी २०२९ ला संपते. लोकसभेची निवडणूक २०२९ मध्येच यायची आहे. म्हणजे माफीने केवळ तुरुंगाचे दार उघडत नाही, विधानभवनाचे आणि संसदेचे दारही लवकर उघडते.

आणि याउपर आणखी एक पळवाट कायद्यातच आहे. कलम ११ प्रमाणे निवडणूक आयोग ही सहा वर्षे कमी करू शकतो. सिक्कीमचे प्रेमसिंह तमांग यांना गायी वाटपाच्या योजनेतल्या गैरव्यवहारात डिसेंबर २०१६ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. त्यांनी ती पुरी भोगली आणि १० ऑगस्ट २०१८ ला बाहेर आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मे २०१९ मध्ये ते आमदार नसताना मुख्यमंत्री झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाने त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे पाहू, कारण ते पोकळ नाही.

पहिले म्हणणे असे की माणूस वृद्ध आहे, आजारी आहे, माणुसकी दाखवा. जरूर दाखवा. पण उपचार पहाऱ्यात होऊ शकतात. आणि मरणाच्या दारी असलेल्या कैद्याला सोडायचेच असेल, तर सरकारी डॉक्टरांच्या मंडळाने तपासावे आणि न्यायालयाने कारणे लिहून सोडावे. मंत्रिमंडळाने नव्हे. आपल्या उत्तर प्रदेशात माजी मंत्री अमरमणी त्रिपाठी यांना खुनाच्या गुन्ह्यात २००७ साली जन्मठेप झाली. शिक्षेचा बराच काळ त्यांचा मुक्काम गोरखपूरच्या रुग्णालयात होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मुदतपूर्व सुटकेचा आदेश निघाला. तो गुन्हा वेगळा, पण आजारपण आणि ओळख हातात हात घालून कसे चालतात हे त्यावरून दिसते.

दुसरे म्हणणे समतेचे आहे. खुनी माणूस चौदा वर्षांनी सुटू शकतो, मग लाच घेणाऱ्यालाच का अडवता? याचे उत्तर असे. माफी देताना मुख्य प्रश्न विचारायचा असतो तो हा की, हा माणूस पुन्हा तोच गुन्हा करील का? रागाच्या भरात भावकीत डोके फोडणारा माणूस पंधरा वर्षांनी म्हातारा होतो, राग विझतो. पुढाऱ्याच्या गुन्ह्याचे हत्यार म्हणजे त्याचे वजन. ते वजन वयाने कमी होत नाही. उलट माफी मिळाली म्हणजेच ते शाबूत आहे, असा गावाला निरोप जातो. शिवाय लाच घेण्याच्या गुन्ह्याला कलम ७ खाली किमान ३ आणि कमाल ७ वर्षे शिक्षा आहे. जन्मठेपेच्या तुलनेत ही आधीच लहान. तीतून आणखी काय कापायचे?

तिसरे म्हणणे, या माणसाने मतदारसंघात रस्ते केले, शाळा काढल्या. असतील. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी ते ऐकलेले असते. एकाच गुणाचे गुण दोनदा मिळत नाहीत.

चौथे म्हणणे, खटले सूडाने होतात. होत असतीलही. पण निरपराध माणसाला माफी देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला अपिलात निर्दोष सुटका मिळाली पाहिजे. माफीने दोष धुतला जात नाही.

पाचवे म्हणणे तुरुंगातल्या गर्दीचे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही असे. गर्दी त्यांची आहे. मंत्र्यांना सोडून ती हटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यांना बजावले आहे की मुदतपूर्व सुटकेचे धोरण असेल तेथे पात्र कैद्यांचा विचार सरकारने आपणहून करावा, अर्जाची वाट पाहू नये. असे सांगावे लागले, कारण ज्याच्यासाठी अर्ज लिहिणारा कोणी नाही तो कैदी हक्क असूनही आतच राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

शेवटी एक आक्षेप येईल, आणि या मांडवात तो यायलाच हवा. लोकमान्यांनाही मुदतीआधी सोडले होते ना? होय. सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्सम्युल्लरसारख्या विद्वानांनी आणि दादाभाई नौरोजींसारख्या नेत्यांनी सरकारला अर्ज केला, आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी सहा महिने आधी ते सुटले. परंतु त्यांचा गुन्हा परक्या सरकारविरुद्ध लिहिण्याचा होता, लोकांच्या तिजोरीत हात घालण्याचा नव्हता. त्यांच्यासाठी रदबदली करणारे ना त्यांचे सहमंत्री होते, ना नातलग. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या सुटकेला दोन अटी होत्या. सुटकेनिमित्त होणाऱ्या कोणत्याही सत्कार-समारंभात भाग घ्यायचा नाही, आणि पुन्हा तसा गुन्हा घडला तर माफ केलेले सहा महिने भोगायचे. परक्या सरकारने टिळकांसारख्या माणसाला या अटी घातल्या. आपण स्वराज्यात लोकांचे पैसे खाणाऱ्याला एकही अट घालू नये आणि वर तुरुंगाच्या दारात हार, गुलाल आणि गाड्यांचा ताफा चालू द्यावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

तेव्हा माझ्या सूचना थोडक्यात अशा. केंद्राच्या २०१८ च्या योजनेप्रमाणे प्रत्येक राज्याने आपल्या माफीच्या नियमांतून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील लोकप्रतिनिधी वगळावेत. गंभीर आजाराचा अपवाद न्यायालयाच्या हाती ठेवावा. अपात्रतेची सहा वर्षे प्रत्यक्ष सुटकेपासून न मोजता मूळ शिक्षा जेव्हा पुरी झाली असती त्या तारखेपासून मोजावीत. आणि सीबीआयने तपासलेल्या खटल्यात राज्याला केंद्राची संमती घ्यावी लागते, तसा बाहेरचा एखादा डोळा राज्याच्या आपल्या खटल्यांवरही असावा. हे बदल लवकर व्हायला हवेत, कारण साधारणपणे दोषी ठरले त्या दिवशी जे धोरण चालू असेल तेच कैद्याला लागू होते. शिक्षा झाल्यावर नियम कडक करून उपयोग नाही.

हे सगळे दिल्ली-लखनौचे झाले. झाशीत आपण काय करायचे? आपला बुंदेलखंड पाण्यासाठी तहानलेला मुलूख. २००९ साली या भागातल्या १३ जिल्ह्यांसाठी केंद्राने ७,२६६ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले होते. बंधारा, विहीर, मंडी या नावाने येणाऱ्या अशा पैशातला प्रत्येक रुपया कोणा शेतकऱ्याच्या पाण्याचा असतो. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद मागायची ती न्यायालयात, आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा शेवटपर्यंत टिकावी एवढीच मागणी आपल्या हातात उरते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हा प्रश्न विचारू शकतो.

आणि एक गोष्ट तर फक्त आपल्याच हातात आहे. आपली समिती वर्गणीच्या रुपया-रुपयाचा हिशेब स्मरणिकेत छापते. तीच समिती आरतीला प्रमुख पाहुणे बोलावते आणि शुभेच्छांच्या जाहिरातीही छापते. भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या पुढाऱ्याची न्यायालयाने सांगितलेली पूर्ण मुदत आणि त्यापुढची सहा वर्षे संपेपर्यंत त्याला आपण आरतीचे ताट देणार नाही आणि त्याची जाहिरात घेणार नाही, असा ठराव समितीच्या पुढच्या सभेत मांडावा, अशी माझी विनंती आहे. जाहिरातीचे चार पैसे कमी येतील. ती तूट आपण सभासद वर्गणी वाढवून भरून काढू. माझी वाढीव वर्गणी मी आजच खजिनदारांकडे देऊन ठेवली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!